साग मोजला, सांबर सुटले

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तो १८८२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. साहित्याचे विद्यार्थी या खंडाकडे वळतात ते सहसा एखाद्या जातीची, देवस्थानाची किंवा लेण्याची माहिती हवी असते म्हणून. हवे ते पान पाहायचे, टिपण काढायचे आणि खंड मिटायचा. सलग वाचायचा ग्रंथ म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्यात नवल वाटण्याजोगेही काही नाही. पण तो सलग वाचला तर त्याच्या रचनेतली एक गोष्ट डोळ्यांत भरते. उत्पन्नाच्या प्रकरणात खनिजे, जंगल, झाडे, पाळीव जनावरे, रानटी पशू, पक्षी, मासे असे एकामागून एक येत जाते. माणसे त्यानंतरच्या प्रकरणात. शेती त्याच्याही पुढे. प्रत्येक नोंद काळजीने केलेली आहे. मात्र एका नोंदीचा दुसरीशी संबंध काय, हे विचारण्याची सोय त्या रचनेत नाही.

खडवलीच्या परिसरातले एक ऐनाचे झाड घेऊ. टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधले, भातसा नदीकाठचे हे गाव. पूर्वेला शहापूरचे डोंगर चढत जातात आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत उभी राहते. या ऐनाचे लाकूड जंगल खात्याच्या जमेत जाते. त्याच्या फांद्या शेतीच्या प्रकरणात येतात, कारण त्या तोडून, वाळवून, शेण-गवत-मातीच्या थरांसह जाळल्याशिवाय भाताच्या रोपांची भुई तयार होत नाही. यालाच राब म्हणतात. सावलीला बसलेली गाय पाळीव जनावरांत, बुंध्याला शिंगे घासणारे सांबर शिकारीच्या जनावरांत, आणि त्या दोघांवर टपलेला वाघ बक्षिसाच्या हिशोबात. फांदी तोडणारा ठाकूर किंवा काथोडी लोकसंख्येच्या प्रकरणात. झाड एकच, त्याभोवतीचा व्यवहारही एकच. ग्रंथात मात्र त्याचे सहा तुकडे झालेले.

ठाण्याच्या जंगलाचा इतिहास आपण आजवर सरकार आणि रयत यांच्यातल्या भांडणाच्या रूपाने लिहीत आलो. ते भांडण खरे आहे आणि त्याचे महत्त्व कमी करण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या निर्णयांनी रयतेच्या हातातली कोयती काढून घेतली, त्याच निर्णयांनी रानात कोण कोणाला खाईल याचाही हिशोब बदलला. तो बदल कोणत्याच प्रकरणात नोंदवला गेला नाही. प्रस्तुत लेखात त्या सुटलेल्या नोंदीचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

मुंबई इलाख्यात जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला १८४७ मध्ये. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे ते पहिले अधिकारी. पेशाने वैद्य आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. जंगलतोडीने झरे आटतात, हे त्यांनी सरकारला पुनःपुन्हा लिहून कळवले होते. पण गिब्सनच्या चिंतेला अर्थखात्याची साथ मिळाली ती वेगळ्याच कारणाने. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्याला पोचली, १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. म्हणजे खडवलीच्या शिवारातून रूळ गेले तेव्हा देशात रेल्वे सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती. रुळांखाली लाकडाच्या पट्ट्या हव्यात, वाढत्या मुंबईला जळण हवे, घरांना वासे हवेत. रूळ रानातून गेला की रान बाजाराच्या दारात येते. १८६५ चा पहिला वन कायदा आणि १८७८ चा दुसरा हे या बाजाराच्या पाठोपाठ आले. दुसऱ्या कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि ‘राखीव’ हा शब्द ठाण्याच्या बोलीत कायमचा शिरला.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगल खात्यावरची त्यातली टीका सर्वांच्या परिचयाची आहे, निदान परीक्षेपुरती तरी. अल्पभूधारक शेतकरी पूर्वी डोंगरातला पाला, फुले, फळे विकून आणि गायरानात चार गाई-शेळ्या राखून निभावून नेत असे. नव्या खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्यावर त्याच्या शेळीला वारा खायलाही जागा उरली नाही, असा त्या विवेचनाचा आशय. आपण हा उतारा आर्थिक शोषणाचा दाखला म्हणून शिकवतो. मला तो आणखी एका अर्थाने महत्त्वाचा वाटतो. त्या काळातल्या लेखनात झाड, गवत, जनावर आणि माणूस ही चौकडी एकाच वाक्यप्रवाहात आणणारा हा दुर्मीळ मजकूर आहे. गॅझेटियर जे सहा ठिकाणी ठेवते ते फुले एका दमात सांगतात. त्या चौकडीत वाघ नाही, एवढेच. ते साहजिकही म्हणायला हवे. असूडाचा रोख दोन पायांच्या भक्षकांवर होता.

राबाच्या बंदीविरुद्ध तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कोणी किती फांद्या तोडायच्या, कोणत्या जातीच्या झाडाला हात लावायचा नाही, यावरचे वाद पुढे अनेक वर्षे चालले. असो. आपला प्रश्न वेगळा आहे.

ठाण्याच्या जंगलांतून मुंबईला जळाऊ लाकूड आणि वासे पुरवायचे, तर ते एका ठरलेल्या पद्धतीने पुरवावे लागतात. जंगलाचे भाग पाडायचे, एकेक भाग पाळीपाळीने जमिनीलगत तोडायचा, काही निवडक थोर झाडे, विशेषतः साग, राखायची आणि बाकीच्यांना बुडख्यातून पुन्हा फुटू द्यायचे. नव्या फुटीचे रक्षण व्हावे म्हणून तोडलेल्या भागात काही वर्षे चराईला बंदी. लाकडाच्या हिशोबाने ही पद्धत बिनचूक आहे. पण तिच्यामुळे गुरे कुठे गेली, हे पाहा. चराईबंदीच्या कुपातून हाकललेली गुरे उरलेल्या उघड्या तुकड्यांत दाटली, म्हणजे सांबर आणि भेकर जिथे चरत होते तिथेच. पानाच्या बाबतीतही तेच. सागाचे राठ पान चरणाऱ्या जनावराला फारसे रुचत नाही. ऐन, धावडा, कळंब यांच्यासारखी मिश्र झाडी जाऊन सागाचे प्रमाण वाढते, तेव्हा वरून हिरवे दिसणारे रान खालून उपाशी होत जाते.

गवताची कथा तर याहून बोलकी आहे. ठाण्याच्या वरकस जमिनींवरचे गवत दसऱ्यानंतर कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. मुंबईचे घोडे आणि म्हशी ठाण्याच्या डोंगरउतारांवर चरत होते म्हटले तरी चालेल, फक्त ते स्वतः तिथे जात नव्हते. हे गवत कापणाऱ्या वारल्यांची मजुरी हाच पुढे १९४५ नंतरच्या उठावातला एक मुख्य प्रश्न झाला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून ती हकीकत मराठी वाचकापर्यंत पोचली. त्या गवताचे आणखी काही हक्कदार होते. त्यांना संप करता येत नव्हता.

भक्षकांच्या बाबतीत सरकारचे धोरण अगदी सरळ होते. वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणा आणि बक्षीस घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागदांवरून काढलेला हिशोब असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. एक खाते जंगलातला चारा आणि निवारा बदलत होते, त्यामुळे भक्षक गुरांवर येत होता आणि दुसरे खाते त्या भक्षकाच्या कातड्यावर पैसे मोजत होते. दोन्ही खर्च एकाच तिजोरीतून होत असले तरी त्यांची पाने वेगळी होती. ठाण्यात याचा शेवट असा झाला, की मोठ्या भक्ष्यावर जगणारा वाघ विसाव्या शतकात या डोंगरांतून नाहीसा झाला. बिबट्या राहिला. तो सशावर, माकडावर, कोंबडीवर, कुत्र्यावरही निभावतो. आजही आपण ‘ठाण्याच्या जंगलात बिबटे आहेत’ हे वाक्य निसर्गाचे वर्णन म्हणून वाचतो. ते इतिहासाचे वाक्य आहे.

या साखळीचे अधिक स्वच्छ रूप पाहायचे तर क्षणभर फार दूर, कॅनडाच्या पश्चिम भागात जावे लागेल. तेथे कॅरिबू नावाचे मोठे हरीण जुन्या, दाट सूचिपर्णी अरण्यात राहते. झाडांवर आणि जमिनीवर वाढणारे शैवाक हे त्याचे हिवाळ्यातले अन्न, आणि जिथे इतर हरणे नाहीत अशा जागी राहणे हेच त्याचे संरक्षण, कारण इतर हरणे नसतील तिथे लांडगेही थोडे. लाकूडतोड झाली की त्या जागी कोवळी झुडपे उगवतात. झुडपांवर मूस नावाचे अवाढव्य सांबर आणि पांढऱ्या शेपटीची हरणे वाढतात, त्यांच्यावर लांडगे वाढतात आणि वाढलेले लांडगे जाता जाता कॅरिबूही मारतात. त्यात तेलशोधासाठी जंगलातून पाडलेल्या सरळ रेषा लांडग्याला राजमार्गासारख्या उपयोगी पडतात. मूस आणि कॅरिबू यांचे अन्नावरून भांडण नाही. एकाची भरभराट दुसऱ्याला लांडग्याच्या मार्फत मारते. रॉबर्ट होल्ट या परिस्थितिशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या प्रकाराला जे नाव दिले त्याला मराठीत ‘आभासी स्पर्धा’ म्हणता येईल. कॅरिबू वाचवण्यासाठी अल्बर्टा प्रांताने २००५ पासून आणि ब्रिटिश कोलंबियाने २०१५ पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे मारण्याचा कार्यक्रम चालवला. काही कळपांना त्याचा उपयोगही झाला. लाकूडतोड मात्र त्यासाठी थांबली नाही. आपल्या बक्षिसांच्या वहीची आठवण होते ती इथे.

लांडग्याचा विषय निघालाच आहे तर घाट चढून एक पाहणी करायला हरकत नाही. आपला लांडगा कोकणातल्या झाडीपेक्षा देशावरच्या माळरानाचा. तेथे जंगल-व्यवस्थापनाने उलट दिशेने घोळ घातला. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, उघडा, हरणांचा प्रदेश. चरकाच्या देशविचारात तो पाणथळ ‘आनूप’ प्रदेशाच्या विरुद्ध टोकाला आहे. पुढे ‘जंगल’ म्हणजे दाट झाडी असा अर्थ रूढ झाला आणि मूळ जांगल प्रदेशच जंगल नसलेला, म्हणून पडीक, ठरला. पडीक म्हटले की झाडे लावणे हे पुण्यकर्म. सोलापूर, नगर, पुण्याच्या माळांवर सुबाभूळ, ग्लिरिसिडिया यांच्या ओळी उभ्या राहिल्या. काळविटाला पळायला उघडे गवताळ मैदान लागते, माळढोकाला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. नान्नजला १९७९ मध्ये आणि रेहेकुरीला १९८० मध्ये अभयारण्ये झाली तेव्हा माळ म्हणजे काय याची थोडी जाण सरकारदरबारी आली. पण तोवर बहुतेक ठिकाणी लांडग्याचे भक्ष्य काळविटाऐवजी धनगराची मेंढी आणि शेळी झाले होते. देशावरच्या बोलीत ‘रान’ म्हणजे शेत आणि ‘रान’ म्हणजे अरण्यही; ‘रानात गेलोय’ या वाक्यातून दोहोंपैकी कोणते ते संदर्भाने कळते. त्या संदिग्धतेत जी समज आहे ती ‘राखीव’ आणि ‘पडीक’ या नेमक्या शब्दांत नाही, असे माझे मत आहे.

ठाण्याकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, पण आधी पाण्याची गोष्ट सांगायला हवी. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि धरणाचे पाणलोट राखायचे म्हणून त्याभोवतीची झाडी तुलनेने टिकली. तानसा अभयारण्य १९७० मध्ये झाले त्यामागे ही मुंबईच्या नळाची पुण्याई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, बक्षिसे इतिहासजमा झाली. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातली खासगी जंगले सरकारने ताब्यात घेतली. कागदावर जंगल वाढले. जनावरांचे भक्ष्य मात्र आधीच दुसरीकडे सरकले होते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा ही गावे फुगत गेली, उकिरडे वाढले, उकिरड्यांवर कुत्री वाढली. कॅनडात मूसने जे केले ते आपल्याकडे कुत्र्याने केले. अकोले तालुक्यातल्या शेतीप्रदेशातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. एकूण खाद्यापैकी ३९ टक्के एकटा कुत्रा. सांबर-भेकरांवर जगणारा म्हणून पाठ्यपुस्तकात चित्र असलेल्या प्राण्याचा हा खरा आहार.

मग बिबटे दिसू लागले की काय करायचे? जुन्नर वन विभागात फेब्रुवारी २००१ पासून त्यांना पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बिबट्याचे घर जंगलात, तो उसात चुकून आला, तर त्याला घरी पोचवावे, असा त्यामागचा भाबडा तर्क. अत्रेय यांच्या अभ्यासानुसार तेथे वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले २००१ ते २००३ या काळात वर्षाला सरासरी १७ पर्यंत गेले आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचले. मुंबई-ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीही २००२ ते २००४ या वर्षांत अनेक माणसे बिबट्यांच्या हल्ल्यांत गेली. या उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे सोडले गेले होते. अनोळखी मुलखात सोडलेला, भेदरलेला प्राणी वस्तीच्या कडेने वाट शोधत फिरतो. आणि वस्तीच्या कडेला राहतो तो पाड्यावरचा माणूस, ज्याला घरात संडास नाही आणि ज्याची पोरे अंधारात बाहेर जातात. कॅनडातल्या साखळीत मधल्या मध्ये मरण येते ते कॅरिबूला. आपल्या साखळीत ती जागा कोणाला मिळाली, ते यावरून स्पष्ट व्हावे. राबासाठी फांदी तोडली म्हणून ज्याच्या पणजोबाने दंड भरला, त्याचाच हा पणतू.

पकडून सोडलेल्या बिबट्याचे घर कुठे असते, याचे उत्तर एका बिबट्याने स्वतः चालून दिले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीत पडलेला एक वयस्क नर वन खात्याने बाहेर काढला, त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेजच्या बाजूला सोडले. शांत स्वभावामुळे त्याचे नाव ‘आजोबा’ पडले. आजोबा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, महामार्ग ओलांडत, कसाऱ्याच्या रेल्वेस्थानकाजवळून, पुढे वसईची खाडी पार करून संजय गांधी उद्यानात पोचला. १८६१ साली ठाण्याचे रान मुंबईला जोडणारा जो रूळ कसाऱ्याला पोचला, तोच दीडशे वर्षांनी त्याने रात्रीतून ओलांडला, आणि कोणाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये ‘आजोबा’ याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एक बिबट्या इमारतीत शिरला, काही जण जखमी झाले आणि दिवसभराच्या खटपटीनंतर त्याला बेशुद्ध करून नेण्यात आले, तेव्हा बातम्यांतून प्रश्न विचारला गेला तो जुनाच: हा इथे आला कसा?

वारल्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता, आणि तोही लिखित नसल्यामुळे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या पट्ट्यातली वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी संशोधकांनी अलीकडे नोंदवली आहेत. त्यावरचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लाकडाची किंवा दगडाची उभी फळी, तिच्यावर वाघ आणि सोबत बहुधा सूर्य-चंद्र. वाघोबा वाघही आहे आणि बिबट्याही. खात्याच्या यादीतला भेद या देवाला लागू नाही. त्याला वर्षाचे देणे दिले की त्याने गुराढोरांना आणि माणसांना सांभाळायचे, असा करार. देणे चुकले तर तो नेतो. हा करार प्रत्येक वेळी पाळला जातो असे कोणीच मानत नाही, आणि म्हणूनच तो दरवर्षी नव्याने करावा लागतो.

तो करायचा दिवस म्हणजे वाघबारस, आश्विन वद्य द्वादशी. त्याच तिथीला गावातल्या पांढरपेशा घरांत वसुबारस असते. सवत्स गाईची पूजा होते. पंचांगातली एकच तिथी एका वस्तीत गाईची आणि पलीकडच्या पाड्यावर वाघाची. घाटमाथ्याच्या अलीकडे-पलीकडे या दिवशी गुराखी पोरे घरोघर तांदूळ मागतात, रानाच्या कडेला खीर शिजवतात, आणि काही ठिकाणी त्यांच्यातल्याच एकाला वाघ करून बाकीचे त्याला आरडाओरडा करत शिवाराबाहेर पिटाळून लावतात. मग तो वाघ परत येतो आणि सगळ्यांबरोबर खीर खायला बसतो.